दोनशे अठरा नंबरचा स्कोन

थोरलीच्या स्वयंपाकघरात शनिवारी सकाळी दोन गोष्टी हमखास व्हायच्या. एक, चीजचे स्कोन भाजले जायचे, आणि दुसरी, दादाचा उद्धार व्हायचा. सहा वर्षांत दोन्हींत खंड पडला नव्हता. खरं सांगायचं तर दुसरी गोष्ट नसती तर पहिलीत एवढा जीव राहिला असता की नाही, शंकाच आहे.

स्कोन म्हणजे छोटा, गोल, खुसखुशीत पाव, तसा साधा पदार्थ. मैदा, बेकिंग पावडर, मीठ, थोडी मिरपूड, चिमूटभर मोहरीची पूड, फ्रीजमधलं दगडासारखं घट्ट बटर, दोन मुठी किसलेलं चीज आणि भिजवायला गार दूध. पण साधा पदार्थच करणाऱ्याचा अंत पाहतो. पीठ जरा जास्त मळलं की स्कोन चिवट होतात, आणि हात गरम असला की बटर आधीच वितळून ते ट्रेमध्ये फतकल मारून बसतात. थोरलीचे हात बारा महिने गार. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दवाखान्यांतून रोग्यांच्या तोंडाचे ठसे यायचे, त्यांत ओलं प्लास्टर ओतून ती जबड्याचे साचे काढायची आणि त्यांवर मेणात एकेक दात बसवून कवळ्या तयार करायची. सव्वीस वर्षं हेच काम. गावातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी जेवतात, असं ती म्हणायची, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

धाकटी नऊच्या ठोक्याला यायची. ती एका वाचनालयात नोकरीला होती. नवरा, मुलगी आणि सासू असा तिचा संसार. थोरलीने लग्न केलं नव्हतं. आली की धाकटी ओढणी कमरेला बांधायची, चीज किसायची, किसता किसता निम्मं तोंडात टाकायची आणि शेवटी स्कोन कापायला बसायची. कापायला स्टीलचा पेला. पेला सरळ खाली दाबायचा आणि सरळ उचलायचा, फिरवायचा नाही. फिरवला की कड चिकटते आणि स्कोन एका बाजूला कलतो. हे थोरलीने तिला निदान दोनशे वेळा सांगितलं असेल. धाकटी हो म्हणायची आणि पेला फिरवायची. त्यामुळे त्यांच्या घरचे स्कोन नेहमी कुणाचं तरी चोरून ऐकत असल्यासारखे वाकडे उभे असायचे.

चोवीस व्हायचे. त्यातले बारा धाकटी डब्यात घालून घरी न्यायची. सासूबाईंना फार आवडतात, म्हणायची. थोरली निवडून निवडून चांगले फुगलेले तिच्या डब्यात भरायची आणि बसके स्वतःला ठेवायची. थोरल्या बहिणी असं करतात आणि वर ते बोलून दाखवत नाहीत. ही मात्र बोलून दाखवायची.

आता दादाचं. दादा तिघांत मोठा. घड्याळं दुरुस्त करायचा. बायको गेल्यापासून एकटाच राहत होता, भिंतभर टिकटिक करणाऱ्या घड्याळांमध्ये. मुळातच कमी बोलणारा. बाबा अंथरुणाला खिळले ती दोन वर्षं त्यांचं सगळं थोरलीने केलं. पहाटे उठून त्यांना पुसून काढायचं, भरवायचं, लॅबमध्ये जायचं, दुपारच्या सुट्टीत धावत घरी यायचं, परत जायचं. बाई ठेवू या, असं कुणी म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. परक्या हाताची माझ्या बाबांना गरज नाही, हे तिचं ठरलेलं उत्तर.

मग लॅबने तिला पंधरा दिवसांसाठी परगावी पाठवलं, सिरॅमिकचे दात शिकायला. तेवढ्या दिवसांपुरतं बाबांनी दादाकडे राहायचं ठरलं. बाबांना कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं, त्यामुळे फोनवर त्यांच्याशी बोलणं शक्य नव्हतं. दादाला फोन केला तर ‘ठीक आहे’ यापलीकडे तिसरा शब्द नाही. म्हणून रोज संध्याकाळी धाकटीच तिला खुशाली कळवायची: आज बाबा खिडकीपाशी बसले होते, आज दोन घास जास्त खाल्ले, आज दादाच्या घड्याळांवर वैतागले. थोरली ऐकून हसायची आणि शांत झोपायची.

बाराव्या दिवशी सकाळी फोन आला की बाबा गेले. ती धावत आली, तर बाबा दादाच्या घरी नव्हतेच. ती गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना गावाबाहेरच्या एका शुश्रूषागृहात ठेवलं होतं, आणि अकरा दिवस ते तिथे परक्या हातांत होते. जिन्यात धाकटीने तिला मिठी मारली आणि म्हणाली, “दादानं फसवलं गं आपल्याला. तो मला सांगायचा तेच मी तुला सांगत होते.”

थोरलीने दादाच्या दारात उभं राहून जे बोलायचं ते बोलून घेतलं. अख्ख्या इमारतीने ऐकलं. माझ्या घरचा पाण्याचा थेंब यापुढे तुझ्या घशाखाली जाणार नाही, हे शेवटचं. दादा उंबऱ्यात उभा होता. हातातला छोटा स्क्रू ड्रायव्हर त्याने एकदा बोटांत फिरवला, आणि एका शब्दाने उत्तर दिलं नाही. त्याचं ते मौन म्हणजे गुन्ह्याची कबुलीच, असं दोघी बहिणींचं तेव्हापासून एकमत होतं.

त्यात धाकटी जास्त कडवी. थोरलीचा राग मोठा, पण मधूनच विरघळणारा. दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिचा जीव वरखाली होत होता. डोळ्यावरच ज्याचं पोट, त्याला दिसेनासं झालं तर काय, असं ती दोनदा बोलली. धाकटीने तिथल्या तिथे दम भरला, की ताई, पाघळू नकोस, बाबांना आठव. थोरलीने बाबांना आठवलं आणि बटर किसायला घेतलं. आपल्या डळमळणाऱ्या मनाला ही एक बहीण टेकू देऊन उभी आहे, या विचाराने तिला तेव्हा फार बरं वाटलं होतं. जगात दुसरं कुणी नसलं तरी हिच्यावर डोळे मिटून विसंबावं, असं तिला वाटायचं, आणि ती विसंबायचीही.

त्या शनिवारी उद्धार चांगलाच रंगला होता. धाकटी दादाच्या चालण्याची नक्कल करत होती, थोरली हसून हसून ट्रेवर वाकली होती. स्कोनना वरून टोचे मारायची लोखंडी सळई तिच्या हातात होती. उरल्यासुरल्या पिठाचा शेवटचा वेडावाकडा स्कोन समोर आला आणि बोलण्याच्या नादात तिने त्यावर टोचे मारायच्या ऐवजी सळईने ठसठशीत आकडा कोरला: २१८. लॅबमध्ये प्रत्येक साच्यावर असा नंबर कोरावा लागतो, नाहीतर एकाचे दात दुसऱ्याच्या तोंडात जातात. दोनशे अठरा हे कुणा एका हट्टी म्हाताऱ्याचं प्रकरण होतं. त्याचा ठसा तीनदा परत गेला होता आणि आठवडाभर तो आकडा तिच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता.

धाकटीने ते पाहिलं आणि खालीच बसली. “ताई, अगं कवळी आहे का ती?”

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. भाजल्यावर आकडा आणखीच उठून दिसला, खरपूस तपकिरी. हा मी नेते, धाकटी म्हणाली, सासूबाईंना देते, त्यांची कवळी नाहीतरी सैल झालीय. आणि तो तिने डब्यात सगळ्यांत वर ठेवला.

सोमवारी दुपारी ज्या दवाखान्याचं ते दोनशे अठराचं काम होतं, तिथली नर्स कवळी न्यायला आली. चार महिन्यांपूर्वीच लागलेली, गोड बोलणारी, बडबडी मुलगी. थोरलीला तिचं येणं आवडायचं. कवळीला शेवटचं पॉलिश राहिलं होतं, म्हणून थोरलीने तिला बसवलं, चहा सांगितला. चहाबरोबर खायला म्हणून नर्सने पिशवीतून कागदात गुंडाळलेला काहीतरी जिन्नस काढला आणि कौतुकाने पुढे धरला.

“हे बघा ना, यावर काय लिहिलंय. मला वाटलं बेकरीचा नंबर असेल.”

थोरलीने पाहिलं. दोनवर तिची नेहमीची मागे ओढलेली शेपटी होती, आठाचं पोट तिच्याच हातचं होतं. सव्वीस वर्षं जो आकडा आपण कोरत आलो तो ओळखायला चष्मा लागत नाही. तरी तिने चष्मा लावला.

कुठून आणलास, असं तिने विचारलं. नर्स अगदी मोकळेपणाने सांगत सुटली. तिच्या वरच्या मजल्यावर एक घड्याळवाले काका राहतात. दर सोमवारी सकाळी ती त्यांना ताकदीचं इंजेक्शन देते, आणि काका न चुकता तिला एक-दोन स्कोन बांधून देतात. त्यांची बहीण दर रविवारी आणते. काय बाई आहे ती, भाऊ-बहीण दुपारभर पत्ते खेळतात आणि हरलं की खरोखरचे भांडतात. बाई वाचनालयात असते, मलाही पुस्तकं देते. आणखी एक बहीण आहे म्हणे त्यांना, पण तिचा विषय निघाला की काका उठतात आणि चांगलं चालू असलेलं घड्याळ उघडून बसतात.

“तुम्ही खा ना अर्धा,” नर्स म्हणाली.

नको, थोरली म्हणाली. दात दुखतोय.

त्या दिवशी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिने चुकीची कवळी डब्यात घालून दिली. दवाखान्यातून फोन आला तेव्हा लॅबच्या मालकाचा विश्वास बसेना. तुमच्या हातून, असं तो दोनदा म्हणाला. माझ्याच हातून, ती म्हणाली, आणि संध्याकाळी स्वतः जाऊन बदलून आली.

मग तो आठवडा. माणूस फसला की आधी चिडत नाही, आधी वकिली करतो. थोरलीनेही धाकटीची वकिली करून पाहिली. एखादवेळी रस्त्यात गाठ पडली असेल. दादाच मागे लागला असेल. नवऱ्याने भरीस घातलं असेल. पण दर रविवार, पत्ते, दुपारभर, या तीन शब्दांपुढे कुठलीच वकिली टिकेना. आणि वकिली हरली तशी तिच्या अंगाला आग लागली. धाकटी भावाला भेटते याचंच दुःख असतं तर तिने ते गिळलंही असतं. भाऊच तो. पण आदल्या दिवशी आपल्या ओट्याशी उभं राहून त्याला शिव्या घालायच्या, आपल्यालाही घालायला लावायच्या, आपल्याच हातचे स्कोन डब्यात भरून न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर उघडायचे? सहा वर्षं आपण त्याला निवडून निवडून चांगले फुगलेले पाठवतोय, आणि बसके आपण खातोय. पाण्याचा थेंब देणार नाही म्हणालो होतो. तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की गुरुवारी तिने आरशात पाहून केससुद्धा विंचरले नाहीत.

शनिवारी नऊच्या ठोक्याला धाकटी आली. ओढणी कमरेला बांधली आणि किसणी ओढली. थोरलीने ठरवलं होतं की आल्या आल्या विचारायचं. पण ती मैदा चाळत राहिली. तिला आशा होती, आणि हे कबूल करायलाही तिला लाज वाटत होती, की ही आपणहून सांगेल. आज नाहीतर कधी, एखादा माणूस सहा वर्षांत एकदा तरी आपणहून खरं बोलतो. म्हणून तिने सोपी वाट करून दिली. सासूबाईंना तो नंबरचा स्कोन आवडला का, असं तिने बटर किसता किसता विचारलं.

धाकटीने क्षणभरही वेळ घेतला नाही. अगं, हसून हसून मेल्या त्या, ती म्हणाली. मुलीने फोटो काढला. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या बहिणीला म्हणावं माझा नंबर दोनशे एकोणीस लाव. मग सासूबाई कवळी काढून दाखवतात कशी, याची तिने नक्कलही केली. नक्कल हुबेहूब होती. ती नेहमीच हुबेहूब करायची.

थोरलीने हातातलं बटर खाली ठेवलं. एवढं तपशीलवार खोटं, आणि ते एवढ्या सहज. म्हणजे आजवर ऐकलेल्या सगळ्या गोष्टी, मुलीच्या, नवऱ्याच्या, सासूच्या, त्यातली कुठली घडली होती आणि कुठली इथे उभ्या उभ्या घडवली होती? शनिवारच्या शनिवार तिचं पोट भरत होतं ते कशावर? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, असं तिच्या मनात आलं. आणि गळा कापणारी समोर चीज खात उभी होती.

“तो दादानं नर्सला दिला,” ती म्हणाली. “सोमवारी माझ्यासमोर बसून खाल्ला तिनं.”

धाकटीचा हात किसणीवर थांबला. तिने आधी दाराकडे पाहिलं, मग ट्रेकडे, आणि सगळ्यांत शेवटी थोरलीकडे. मग ती स्टुलावर बसली, आणि ज्या पद्धतीने बसली त्यावरूनच थोरलीला कळलं की हिच्याकडे सांगायला रविवारच्या पत्त्यांपेक्षा मोठं काहीतरी आहे.

कधीपासून, असं थोरलीने विचारलं. पहिल्यापासून, धाकटी म्हणाली. बाबा गेल्यानंतरच्या दुसऱ्याच रविवारपासून. मग का नाही सांगितलंस, तर रडणं. मग पाणी. मग पुन्हा रडणं. थोरली उभीच होती. हातावरचा मैदा सुकून आवळत होता, तरी तिने तो धुतला नाही. धाकटी म्हणाली की दादा चांगला आहे गं. थोरली म्हणाली की मला कोण चांगलं ते विचारायचं नाहीये. शनिवारी तो राक्षस आणि रविवारी चांगला, हे कसं जमवायचीस तेवढं सांग.

“तू त्याच्याकडे गेली असतीस तर तुला कळलं असतं,” धाकटी म्हणाली.

“काय कळलं असतं?”

आणि मग ते तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. शुश्रूषागृह दादाने एकट्याने ठरवलं नव्हतं. कल्पना धाकटीचीच होती. थोरली दोन वर्षांत अर्धी झाली होती, पाठीत उसण भरून एकदा बाबांसकट खाली पडली होती, आणि बाई ठेवायचं नाव काढू देत नव्हती. ती परगावी जाते आहे तर पंधरा दिवसांत बाबांना तिथे रुळू द्यावं, परत आल्यावर चिडेल, आदळआपट करेल, पण बाबांना बरं पाहिलं की ऐकेल, असा धाकटीचा हिशोब. दादा आधी नको म्हणत होता. थोरलीला विचारू, म्हणत होता. धाकटीने त्याला पटवलं. जागा तिने पाहिली, अर्ज तिने भरला, खाली सही तिची. आणि रोज संध्याकाळी ते खिडकीपाशी बसल्याचे, दोन घास जास्त खाल्ल्याचे फोन करायची, ते दादाने सांगितल्यावरून नव्हे. ती स्वतः बाबांच्या खाटेशेजारी बसलेली असायची आणि व्हरांड्यात येऊन फोन लावायची.

“नवव्या दिवशी त्यांना ताप भरला,” धाकटी म्हणाली. “दादा म्हणाला, आत्ताच्या आत्ता ताईला बोलाव. मी म्हटलं, उद्या उतरेल. बोलावलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं.”

नववा दिवस. परत यायला साडेचार तास लागले असते. नवव्या दिवशी ती सिरॅमिकच्या भट्टीपुढे उभी राहून एका पुढच्या दाताची छटा जुळवत होती आणि संध्याकाळी फोनवर तिने ऐकलं होतं की बाबांनी आज पेपर मागितला.

“मग जिन्यात मला काय म्हणालीस?”

“घाबरले होते मी. तुझा चेहरा पाहिला आणि तोंडातून गेलं. दादाला मी त्या रात्रीच सांगितलं, की मी असं बोलले. तो म्हणाला, राहू दे. ती आता कुणाला तरी तोडणारच. तुला तोडलं तर तिला कुणीच उरणार नाही. माझ्याकडे घड्याळं तरी आहेत.”

म्हणजे दोघांनी मिळून ठरवलं होतं. बाबांचं दोघांनी ठरवलं, आणि नंतर थोरलीचंही. कुणावर रागवायचं, कुणाला जवळ करायचं, शनिवारी कशावर हसायचं, हे सगळं तिच्यासाठी ठरवून, बारीक दळून तिच्यापुढे ठेवलं होतं, आणि तिने ते सहा वर्षं चवीने खाल्लं होतं. दादाच्या ऑपरेशनच्या वेळी पाघळू नकोस म्हणणारी बहीण तिला टेकू देत नव्हती, स्वतःची कातडी वाचवत होती. थोरली एकदा जरी त्या जिन्याने वर गेली असती, दादाने एकदा जरी तोंड उघडलं असतं, तर धाकटीचं बिंग फुटलं असतं. राग विझू नये म्हणून ती दर शनिवारी येऊन त्यात फुंकर घालत होती. आणि दादा? दादा मोठ्या मनाचा, हे खरं. पण त्या मोठ्या मनाने त्याने एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईला सहा वर्षं अंधारात बसवून ठेवलं, हेही तितकंच खरं. तिला दोघांपैकी कुणाचाही चेहरा आता डोळ्यांसमोर नकोसा झाला.

ती नळाखाली हात धुवायला गेली. पीठ भिजवून तयार नव्हतं, ओव्हन तापून लाल झाला होता. तिने तो बंद केला. मग धाकटीने येताना आणलेला स्कोनचा डबा ओट्यावरून उचलला, झाकण लावलं आणि रिकामाच तिच्या हातात दिला.

“पुढच्या शनिवारी येऊ नकोस,” ती म्हणाली. “त्याच्या पुढच्याही.”

धाकटीने ताई म्हणून हाक मारली. थोरली ऐकून न ऐकल्यासारखी ओटा पुसत राहिली. तू मला मार, शिव्या दे, पण असं करू नकोस, दादाची शपथ घेऊन सांगते, मला रोज झोप लागत नाही, असं बरंच धाकटी बोलली. त्यातलं खरं किती आणि नक्कल किती, हे ओळखायची आता सोय राहिली नव्हती. तेच तर तिने नासवून टाकलं होतं. शेवटी ती उठली, कमरेची ओढणी सोडली आणि चपला घालायला दारापाशी गेली.

तेव्हा थोरलीच्या मनात सहा वर्षं अडकलेला प्रश्न वर आला. तो तिने आजवर कुणालाही विचारला नव्हता, कारण बाबांजवळ आपलं माणूस कुणी नव्हतंच अशी तिची समजूत होती, आणि दादाला विचारायचं तर त्याच्या दारात जावं लागलं असतं. आता विचारता येत होतं. समोरची बाई तिथे होती.

“बाबांनी मला विचारलं होतं?”

धाकटी एका पायात चप्पल घालून उभी होती. “रोज,” ती म्हणाली.

“मग तुम्ही काय सांगायचात?”

“कानाशी ओरडून सांगायचो.” तिचा आवाज फाटला. “की ताई आत्ताच येऊन गेली. तुम्हाला झोप लागली होती.”

थोरली भिंतीला टेकली. एवढ्या सगळ्या खोट्यांत हे एक खोटं तिला हातात धरून ठेवावंसं वाटलं. निदान त्यांना तरी वाटलं असेल की आपण येत होतो, खाटेपाशी उभं राहत होतो, पांघरूण सारखं करून जात होतो. आपण फसलो ते फसलो, पण ते त्या समजुतीत गेले असतील तर ठीक आहे.

“पटायचं त्यांना?” तिने विचारलं.

धाकटीने मान खाली घातली. उत्तर टाळता आलं असतं. आयुष्यभर टाळत आली होती. या वेळी तिने टाळलं नाही.

“पहिले दोन-तीन दिवस गप्प राहिले. मग म्हणाले, ती आली असती तर तिनं मला उठवलं असतं.”